मेडल इंग्रजांचं, पोरगा आपला

नमस्कार श्रोतेहो, आज 10 जुलै. या दिवसांत आपल्या सोलापूरकडं पाऊस, पेरण्या नाहीतर पंढरपूर यांच्याच गप्पा असतात, पण आज मला तुमची पाच मिनिटं एका पोरासाठी पाहिजेत. पोरगा सोलापूरचा नाही. रायगड जिल्ह्यात माणगाव तालुका आहे, तिथल्या पळसगावचा. यशवंत घाडगे त्याचं नाव. मराठा लाइट इन्फंट्रीत नाईक होता, आणि 1944 साली आजच्याच तारखेला इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात लढताना गेला. वय 22.

काय झालं होतं ते नीट सांगतो, कारण मी स्वतः ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला दोनदा वाचावं लागलं. यशवंतकडं एक सेक्शन होता, सेक्शन म्हणजे साधारण दहाएक जवान, आणि त्यांची कंपनी डोंगरावरच्या जर्मन ठाण्यावर चाल करून जात होती. अगदी जवळून मशीनगन सुरू झाली आणि सेक्शनमधले सगळे पडले, कोण जागेवर गेला कोण जखमी, उभा राहिला फक्त यशवंत. आता अशा वेळी माणूस आडोसा बघेल, मागं सरकेल, आणि त्याला कुणी नावंही ठेवली नसती. हा सरळ त्या मशीनगनवर धावून गेला. आधी ग्रेनेड टाकला, त्यात गन आणि गन चालवणारा दोन्ही संपले, मग टॉमी गननं अजून एकाला पाडलं, आणि मॅगझीन संपलं. दुसरं भरायला वेळच नव्हता, दोघं अजून समोर होते. मग त्यानं बंदूक उलटी केली, नळीकडून धरली आणि त्या दोघांना तिच्या दस्त्यानंच मारलं. ठाणं घेतलं पोरानं, एकट्यानं. आणि तेवढ्यात शत्रूच्या स्नायपरची गोळी लागली.

त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, म्हणजे इंग्रज सरकारचं शौर्याचं सगळ्यात मोठं मेडल. दुसऱ्या महायुद्धात इटलीतल्या सगळ्या लढायांत मिळून एकूण 20 व्हिक्टोरिया क्रॉस दिले गेले, त्यातले 6 भारतीय जवानांचे, आणि मराठा लाइट इन्फंट्रीचे दोन. दुसरे नामदेव जाधव, आपल्या शेजारच्या नगर जिल्ह्यातले, ते सुदैवानं परत आले.

हे सगळं मी घरी सांगत होतो तर आमचे काका म्हणाले, अरे पण ज्या सरकारनं आपल्या चौघांना फासावर दिलं त्याच सरकारचं मेडल ना ते? मी गप्प बसलो. कारण सोलापूरच्या माणसाला हे सांगावं लागत नाही, 1930 चा मार्शल लॉ, म्हणजे इंग्रजांनी शहरावर लादलेला लष्करी कायदा, आपल्या घराघरात आहे. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, किसन सारडा, 12 जानेवारी 1931 ला येरवड्याच्या तुरुंगात फाशी. त्यांचे पुतळे आहेत त्या चार पुतळ्याजवळनं आपण रोज जातो येतो, आणि दरवर्षी गड्ड्याच्या जत्रेची गडबड सुरू असते त्याच दिवसांत तिथं हारही घालतो. त्यामुळं काकांचा राग खरा आहे, मला तो मोडायचा नाही.

पण मी हिशेब केला. आपल्या चौघांना फाशी झाली तेव्हा यशवंत नऊ वर्षांचा होता, कोकणातल्या एका खेड्यातला पोरगा. पुढं फौजेत गेला, बोटीतनं समुद्रापार गेला, समोर हिटलरची फौज. त्या डोंगरावर त्या क्षणी त्याच्या डोळ्यापुढं इंग्रजांचा राजा असेल असं मला काही केल्या वाटत नाही. आजूबाजूला त्याची स्वतःची माणसं पडली होती, एकाच ताटात जेवलेली, त्याच्याच भाषेत हाक मारणारी. तो त्यांच्यासाठी धावला असं मी मानतो. आणि ते मेडल कसं असतं माहितीये का, पुढच्या बाजूला मुकुट आणि त्यावर सिंह, पण ज्या पट्टीला ते अडकवलेलं असतं तिच्या मागं जवानाचं नाव कोरतात. पुढची बाजू इंग्रजांची, मागची आपली. मागची बाजू आपणच वाचायची नाही तर कोण वाचणार हो?

त्याची समाधी कुठंच नाही. इटलीतच कॅसिनोला एक स्मारक आहे, ज्यांची कबर सापडली नाही किंवा माहीत नाही अशा चार हजारांवर जवानांची नावं तिथं आहेत, त्यात त्याचं. आणि 2023 च्या जुलैत इटलीतल्या मोंटोने नावाच्या गावानं त्याच्या नावानं सूर्यघड्याळ उभं केलं. त्यावर लॅटिनमध्ये लिहिलंय की आपण सगळे एकाच सूर्याखाली राहतो. ऐंशी वर्षांनी, परक्या गावानं! मला ते वाचून भरून आलं आणि थोडी लाजही वाटली, कारण इतकी वर्षं मीच ते नाव ऐकलं नव्हतं.

त्याचा पुतळा माणगावात आहे. सोलापूरहून पुणं, मग मुळशी, ताम्हिणी घाट उतरला की माणगाव येतंच, कोकणात जाताना आपण तिथं चहाला थांबतो आणि निघतो, मीही तसाच किती वेळा निघालोय. पाऊस कमी झाला की जाणार आहे, फक्त तेवढ्यासाठी. काकांना विचारलं, काही बोलले नाहीत, संध्याकाळी फोन आला, गाडी किती वाजता काढतोस म्हणून. नमस्कार.