टक्का नको, पाकिटं मोजा

(सीमाभागातील एका व्याख्यानमालेतील भाषणाचा संपादित भाग)

मंडळी, ग्रामपंचायतीला टपालाने मतदान ठेवून बघितलं, तर ते जमलं की फसलं हे ठरवायचं कसं, एवढाच आजचा विषय. खानापूरकडची पोरं गोव्यात नाहीतर पुण्यात कामाला. मतदानादिवशी त्यांना गाडीत घालून कोण आणतं आणि जेवण कुणाच्या नावावर पडतं, ते इथं बसलेल्यांना मी काय सांगणार! (हशा)

ब्रिटनमध्ये हे करून झालंय. २०००च्या कायद्याने तिथल्या स्थानिक निवडणुकांत नव्या पद्धती आजमावायची मुभा मिळाली. २००३ला जिथं सगळं मतदान टपालाने झालं तिथं टक्का पन्नासच्या घरात, इतरत्र पस्तिसाच्या आसपास. सगळे खूश. पुढच्याच वर्षी बर्मिंगहॅम घडलं. तिथं पूर्ण टपाली प्रयोग नव्हता. मागेल त्याला टपाली मत, एवढंच. बोर्डस्ली ग्रीन आणि ॲस्टन, दोन वॉर्ड. पोलीस रात्री एका गोदामात गेले, तर टपाली मतपत्रिका घेऊन माणसं बसलेली! २००५मध्ये न्यायालयाने दोन्ही निवडणुका रद्द केल्या. आता बघा, ती खोटी मतंसुद्धा टक्क्यात धरलेलीच होती. टक्का वाढला म्हणून प्रयोग जिंकला म्हणणाऱ्याशी माझं भांडण आहे ते इथं. पुढे २००६च्या कायद्याने अर्जावरची सही आणि जन्मतारीख पाकिटातल्या कागदाशी ताडून बघणं आलं.

आपल्याकडे विधानसभेला टपाली मत कसं जातं? मतपत्रिका लहान पाकिटात, त्यावर तिचा अनुक्रमांक. सही-साक्षांकनाचं घोषणापत्र वेगळं. दोन्ही मिळून मोठ्या पाकिटात. मोजणीला आधी मोठं पाकीट फोडतात आणि घोषणापत्र तपासतात. ते नसेल, सही नसेल किंवा अनुक्रमांक जुळत नसेल, तर लहान पाकीट न फोडताच मत बाद. मतदार काय करतो? घोषणापत्रही लहान पाकिटात घालून नीट चिकटवतो. त्याच्या दृष्टीने काम चोख, आणि मत गेलं! सूचनांचा कागद कुठल्या भाषेत येतो, तो विषय काढला तर रात्र पुरणार नाही. (हशा, टाळ्या)

अध्यक्षांची चिठ्ठी आली. पाच मिनिटं. म्हणजे मुख्य विषय आता पळवतो.

प्रत्येक वॉर्डाचा हिशेब मागा: पाकिटं गेली किती, पत्त्यावर कुणी न भेटल्याने परत किती, मोजणी सुरू झाल्यावर पोचली किती, बाद किती आणि कशाने. कणकुंबीच्या पावसात उशीर टपालाचा की मतदाराचा, हे शिक्क्यावरच्या तारखेवरून कळतं.

तुलना त्याच वॉर्डाच्या मागच्या दोन निवडणुकांशी करा, शिवाय शेजारच्या प्रयोग नसलेल्या वॉर्डाशीही. हौसेने पुढे आलेल्या पंचायतीच घेतल्या तर आकडे गोडच येणार. दुसऱ्या खेपेलाही मोजा, पहिल्या वेळची नवलाई उतरते.

गुप्तता. कर्नाटकात साधारण चारशे लोकसंख्येमागे एक सदस्य. वॉर्डात सहा टपाली मतं आली आणि ती वेगळी मोजली, तर कुणाच्या घरचं मत कुठं गेलं हे संध्याकाळपर्यंत गावभर. विधानसभेला लाखांच्या यादीत ते खपून जातं. इथं ती पेटीतल्या मतपत्रिकांत मिसळूनच मोजायला हवीत.

आणि बाद पाकिटं विजयाच्या फरकापेक्षा जास्त निघाली, तर तो वॉर्ड यशस्वी प्रयोगाच्या यादीत धरायचा नाही, टक्का कितीही वाढलेला असो.