नेटवर्कचा टेकू काढला तर फोनला जागा कळते कशी?

मंडळी, समोर बसलेल्यांत निम्मे ॲप लिहिणारे आणि निम्मे नुसते वापरणारे दिसतात. म्हणून कोड पडद्यावर दाखवत नाही. लिहिणाऱ्यांसाठी नावं तेवढी घेत जाईन.

नकाशा उघडल्याबरोबर जो निळा ठिपका उमटतो, तो बहुतेक वेळा उपग्रहामुळे उमटलेला नसतो. फोन आजूबाजूचे वायफाय राउटर आणि मोबाइलचे टॉवर ऐकतो, त्यांचे क्रमांक इंटरनेटवरून एका सर्व्हरला कळवतो, आणि सर्व्हर आपली नोंदवही चाळून सांगतो की तुम्ही साधारण इथे आहात. गिरगावातल्या चाळीत खोलीगणिक राउटर, त्यामुळे मुंबईत ही युक्ती फार छान चालते. बंद खोलीतही चालते. पण त्यासाठी इंटरनेट लागतं, तुम्ही कुठे उभे आहात हे कुणाला तरी सांगावं लागतं, आणि नोंदवही दुसऱ्याच्या मालकीची असते. फायरफॉक्स ब्राउझरवाल्या मोझिलाची अशी एक खुली सेवा होती. 2024 मध्ये ती बंद झाली आणि तिच्या भरवशावर असलेल्यांना दुसरं दार शोधावं लागलं. गूगलच्या सेवा न घेता लिनिएजओएस, म्हणजे अँड्रॉइडचीच एक खुली आवृत्ती, बसवलेल्या फोनवर तर हा मार्ग मुळातच नसतो.

आणि आपल्या शहराला वेगळं कारण सांगायची गरज नाही. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा फोन लागत नव्हते. मदतीसाठी केलेलं ॲप नेमकं अशा दिवशी नेटवर्क शोधत बसलं, तर ते काय कामाचं?

मग उरतो उपग्रह. इथे एक गैरसमज मला सतत भेटतो: फोन उपग्रहाला विचारतो आणि उपग्रह उत्तर देतो. फोन काहीही पाठवत नाही, नुसता ऐकतो. म्हणूनच एअरप्लेन मोडमध्ये, सिमकार्ड काढूनही जीपीएस चालतो. उपग्रह 20,200 किलोमीटर उंचीवर असतो. त्याचा संदेश आपल्यापर्यंत पोचतो तेव्हा एका वॉटचे शंभर कोटी भाग करावेत आणि त्यातल्या एका भागाचे पुन्हा एक कोटी, एवढाच जोर त्यात उरलेला असतो. एवढ्या क्षीण लहरीतून फोन जागा काढतो, हे मला आजही थोर वाटतं. ‘आमच्या फोनचा जीपीएस भिकार आहे’ असं कुणी म्हणालं की मी आधी हा आकडा सांगतो.

आता वेळ का लागतो ते बघू, कारण सगळी मेख तिथे आहे. संदेश यायला किती वेळ लागला यावरून फोन उपग्रहाचं अंतर काढतो. पण नुसतं अंतर मोजून भागत नाही, तो उपग्रह त्या क्षणी नक्की कुठे होता हेही कळावं लागतं. ही माहिती उपग्रह स्वतःच पाठवतो, पण सेकंदाला फक्त 50 बिट या वेगाने. 1,500 बिटांची एक चौकट पुरी व्हायला 30 सेकंद लागतात. त्यात त्या उपग्रहाचं घड्याळ आणि कक्षा येते. बाकीच्या उपग्रहांचं ढोबळ वेळापत्रक तुकड्यातुकड्यांनी येतं, ते पूर्ण व्हायला साडेबारा मिनिटं. कक्षेचा तपशील साधारण चार तास उपयोगी पडतो. रात्रभर फोन घरात पडला होता आणि सकाळी ॲप उघडलं, तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. जे. जे. उड्डाणपुलाखालून चालताना मध्येच ऐकणं तुटलं, तर हुकलेला भाग पुढच्या फेरीत येईपर्यंत थांबायचं; फलाटावर उद्घोषणा अर्धीच ऐकू आली की पुढच्या उद्घोषणेची वाट बघतो तसं. असे किमान चार उपग्रह लागतात. अक्षांश, रेखांश, उंची आणि चौथी अज्ञात गोष्ट म्हणजे फोनच्या घड्याळाची चूक. ते घड्याळ एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाने चुकलं, तरी अंतरात 300 मीटरचा घोळ होतो.

हीच कक्षेची माहिती इंटरनेटवरून क्षणात मिळते, त्याला असिस्टेड जीपीएस म्हणतात. नेटवर्कवरून जागा ठरवणं आणि हे, यांची गल्लत करू नका. इथे हिशेब फोनच करतो, फक्त माहिती आयती मिळते. इंटरनेटच नसेल तर मात्र हाही टेकू जातो.

ॲप लिहिणाऱ्यांनो, आता तुमच्याकडे येतो. अँड्रॉइडमध्ये जागा सांगणाऱ्या लोकेशनमॅनेजरकडे जीपीएस प्रोव्हायडर मागायचा, म्हणजे जागा थेट उपग्रहांवरून येते; नेटवर्क आणि उपग्रह एकत्र करणाऱ्या गूगलच्या फ्यूज्ड प्रोव्हायडरची गरज नाही. पण ‘शेवटची माहीत असलेली जागा’ मागितली की दोनांपैकी एक होतं. एक तर उत्तर रिकामं येतं आणि ॲप कोसळतं, नाहीतर काल संध्याकाळचं ठाणे स्टेशन येतं आणि तुम्ही तेच आजचं म्हणून दाखवता. दुसरा प्रकार मला जास्त वाईट वाटतो, कारण कोसळलेलं ॲप निदान खोटं बोलत नाही. जागेसोबत ती केव्हा मिळाली याची वेळ येते, ती तपासा आणि वापरणाऱ्याला दाखवा. ‘सध्याची जागा एकदाच द्या’ ही सोयीची पद्धत अँड्रॉइड 11 पासून आहे, पण ती ठरावीक वेळेनंतर हात वर करते, आणि थंड पडलेल्या, म्हणजे कक्षेची ताजी माहिती हाताशी नसलेल्या जीपीएसला त्याहून जास्त वेळ लागू शकतो. त्यापेक्षा सतत ऐकत राहा आणि चांगली नोंद मिळाली की थांबा. अँड्रॉइड 12 पासून वापरणारा फक्त अंदाजे जागेची परवानगी देऊ शकतो. मग उत्तर सुमारे 3 चौरस किलोमीटरच्या पट्ट्यातलं मिळतं. दादर म्हणावं की परळ, हेही त्यातून ठरत नाही.

आणि जागेसोबत येणारा तो अचूकतेचा आकडा. 20 मीटर आला म्हणजे तुम्ही 20 मीटरच्या वर्तुळात नक्कीच आहात असं नाही. त्याचा अर्थ वर्तुळात असण्याची शक्यता 68 टक्के. साधारण तीनांतल्या एका वेळी तुम्ही बाहेर असता.

वाट बघताना नुसतं गोल फिरणारं चाक दाखवू नका. किती उपग्रह ऐकू येतात आणि त्यांचा जोर किती, हे अँड्रॉइड 7 पासून जीएनएसएस स्टेटसमध्ये (जीएनएसएस म्हणजे जीपीएससारख्या सगळ्या उपग्रह यंत्रणा) मिळतं. एकही ऐकू येत नसेल तर सरळ लिहा: गच्चीवर किंवा रस्त्यावर या.

मुंबईचं आकाश काही सारखं नाही. मरीन ड्राइव्हला समुद्राच्या बाजूचं आकाश मोकळं. लोअर परळच्या काचेच्या मनोऱ्यांमध्ये लहर भिंतीवर आपटून येते, जास्त अंतर कापते आणि तुम्हाला शेजारच्या रस्त्यावर नेऊन ठेवते. चाळीच्या गॅलरीत अर्धंच आकाश, सगळे उपग्रह एका बाजूला. जागा मिळते, पण सरकलेली. भुयारी मेट्रोत काहीच नाही, तिथे हट्ट सोडा. पावसाला मात्र उगाच दोष देतात. जीपीएसची लहर सुमारे 19 सेंटिमीटर लांबीची आहे, ढग आणि सरी तिला फारसं अडवत नाहीत. आपल्या नाविकचे, म्हणजे जीपीएससारख्या भारतीय यंत्रणेचे उपग्रह मुंबईतून बरेच उंच दिसतात, त्यामुळे अरुंद गल्लीत त्यांचा उपयोग व्हायला हवा. पण काहींची घड्याळं बिघडलेली आहेत, म्हणून एकट्या नाविकवर भिस्त ठेवू नका.

मघाशी चहाच्या वेळी एका ताईंनी विचारलं, की अक्षांश-रेखांश मिळाले तरी आईला काय सांगायचं, 19.01 की 72.84? रास्त प्रश्न. आकड्यांचा पत्ता करायलाही ॲप सहसा इंटरनेटच मागतं. मुंबईत त्यावर सोपा तोडगा आहे, कारण आपण पत्ता स्टेशनवरूनच सांगतो. उपनगरी स्टेशनांची यादी आणि रुळांची रेषा ॲपमध्येच ठेवा. सगळ्यात जवळचं स्टेशन काढा, रुळाच्या कुठल्या बाजूला आहात ते बघा, आणि ‘कुर्ला पश्चिम, स्टेशनपासून 600 मीटर’ असा एसएमएस तयार करा. निव्वळ रेखांशाची तुलना चालणार नाही, मध्य रेल्वेचे रूळ ईशान्येकडे तिरके जातात. रेषेची बाजूच काढावी लागेल. आणि अचूकतेचं वर्तुळ रुळांना छेदत असेल, तर पूर्व-पश्चिम लिहूच नका. ‘कुर्ला स्टेशनजवळ’ एवढंच लिहा, शोधायला येणारा पुलावरून दोन्हीकडे बघेल.