खुर्ची, तिपाई आणि दिल्ली दरवाजा

(सकाळी साडेसहा. शनिवारवाड्यासमोरचं पटांगण. कबुतरं उडतात. खुर्चीच्या चाकांचा आवाज जवळ येतो.)

मांडीवरच्या या पिशवीत कॅमेरा आहे. लाकडी चौकट, घडीचा भाता, पुढे लेन्स, मागे घासलेली काच, जिच्यावर दृश्य उमटतं. जुन्या स्टुडिओत फोटोवाला काळ्या फडक्यात डोकं खुपसायचा ना, त्याच जातीचा. याला रोल लागत नाही. चार बाय पाच इंचांची सुटी फिल्म, एका होल्डरमध्ये दोन. आज तीन होल्डर आणलेत, म्हणजे सहा फोटो. त्यातले दोन धड आले तरी मी खूश.

(तिपाई उघडताना हात.)

पहिली मारामारी तिपाईशी. एक पाय दरवाज्याकडे, दोन माझ्याकडे. त्या दोन पायांच्या मधून खुर्चीचं फुटरेस्ट आत शिरलं पाहिजे, नाहीतर नाक काचेपर्यंत पोचतच नाही. मधल्या आडव्या पट्ट्या गुडघ्याला लागायच्या, त्या काढून टाकल्या. लोक हमखास विचारतात, कॅमेरा खुर्चीलाच का नाही बसवत? बसवून पाहिला. ब्रेक लावला तरी हवेची चाकं दबतात, आणि अर्ध्या सेकंदाच्या एक्स्पोजरमध्ये माझा श्वाससुद्धा फिल्मवर उतरतो.

काळं फडकं चाकाच्या तारांत अडकायचं. एकदा कॅमेरा तिपाईसकट अंगावर आला, तेव्हा फडक्याला रजा दिली. आता भाच्याचा जुना काळा टी-शर्ट. त्याचा गळा कॅमेऱ्याच्या पाठीवर ताणून बसवायचा आणि खालच्या घेरातून आपण आत शिरायचं. मे महिन्यात आत काय होतं ते विचारू नका.

(लेन्सच्या बाजूला लावलेला स्कूटरचा आरसा, जवळून.)

खरी अडचण मात्र पुढच्या बाजूला आहे. अॅपर्चर म्हणजे उजेड आत सोडणारं भोक, शटरचा वेग, शटर चढवायची कळ, सगळं लेन्सवर. उभा माणूस दोन पावलं टाकून पुढे जातो. मला त्यासाठी खुर्ची मागे घ्या, वळवा, पुढे न्या, परत आणा. तोवर ऊन सरकलेलं. म्हणून स्कूटरचा हा आरसा. त्यात आकडे उलटे दिसतात, तेव्हा अॅपर्चरच्या बावीसच्या खुणेवर लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला. काटा ठिपक्याशी आला की झालं.

प्रागच्या योसेफ सुदेकचा उजवा हात पहिल्या महायुद्धात गेला. पुढे आयुष्यभर तो असलेच अवजड कॅमेरे घेऊन ते शहर टिपत राहिला. स्टुडिओच्या खिडकीतून काढलेले त्याचे फोटो मी कितीदा पाहिलेत. ओघळलेली काच, पलीकडे वाकडं झाड. लोक त्यात उदासी शोधतात. मला प्रश्न पडतो, एका हातानं होल्डर सरकवताना कॅमेरा हलू नये म्हणून गडी तो धरत कशानं असेल?

(काचेवर दिल्ली दरवाजा. उलटा. वरचा नगारखाना खाली लोंबतोय.)

आता बघा. माझे डोळे जमिनीपासून एकशे पंधरा सेंटिमीटरवर. एवढ्या खालून साधा कॅमेरा वर केला की बुरूज एकमेकांवर कलायला लागतात. इथे कॅमेरा वर करायचाच नाही. मागची काच ओळंब्यात सरळ, आणि फक्त लेन्स चौकटीत वर सरकवायची.

(बोटांनी स्क्रू सैल होतो. लेन्स हळूहळू वर.)

तीस मिलिमीटर. लेन्स दीडशे मिलिमीटरची, दरवाजा तीस मीटर लांब. म्हणजे काचेवरचं दृश्य सहा मीटर वर चढलं. मी उभी राहिले असते तर चाळीसेक सेंटिमीटर चढलं असतं! कॅमेरा घेताना हे मला कुणी सांगितलं नव्हतं. याचा अर्थ सगळंच सुटलं असा नाही. लेन्स वर केल्यानं कठड्यापलीकडचं दिसत नाही, कारण नजर जिथे आहे तिथेच राहते. नदीचे फोटो म्हणूनच मी सोडून दिले. पुलावरून मला फक्त कठडा दिसतो. दरवाजे, देवळं, वाड्यांचे चौक, हे आपलं.

(टी-शर्टाबाहेर एका माणसाचा आवाज.)

"ताई, नीट दिसत नाहीये का? थांबा, पुढे घेतो."

"अहो काका, हात नका लावू..."

(खट्. फुटरेस्ट तिपाईच्या पायावर.)

काकांचा हेतू चांगला होता. अर्ध्या तासाची जुळवाजुळव गेली. काका बिचारे ओशाळले, पण गेले नाहीत. मग त्यांनाच कबुतरांवर लक्ष ठेवायला बसवलं आणि पुन्हा पहिल्यापासून. काच ओळंब्यात. तीस मिलिमीटर. लाल ठिपका. शटर चढवलं. होल्डर आत, झाकणाची पट्टी बाहेर.

"काका, आता बोलू नका हं."

(केबल दाबली जाते. अर्धा सेकंद.)

पट्टी परत घालताना काळी कड बाहेर ठेवायची, म्हणजे ही फिल्म वापरली गेली हे कळतं. पांढऱ्या कडेच्या अजून पाच आहेत.