तबकडी रंगवायला देण्याआधी

२६ ऑक्टोबर २०१७ रोजी न्यूयॉर्कमध्ये फिलिप्स या लिलावगृहाने रोलेक्सचे एक जुने मनगटी घड्याळ विक्रीला काढले. मॉडेल ‘डेटोना’, क्रमांक ६२३९, केस, म्हणजे घड्याळाचे बाहेरचे कवच, साध्या पोलादाची. सुरुवातीलाच टेलिफोनवरून थेट १ कोटी डॉलरची बोली आली, बाराएक मिनिटांनी हातोडा पडला तेव्हा ती १ कोटी ५५ लाखांवर पोहोचली होती, आणि लिलावगृहाचे कमिशन धरून घेणाऱ्याला हे घड्याळ १ कोटी ७७ लाख ५२ हजार ५०० डॉलरना पडले. लिलावात कोणत्याही मनगटी घड्याळाला तोवर एवढी रक्कम मिळाली नव्हती.

या घड्याळात ना सोने, ना हिरे. ते रोज चावी देऊन चालवावे लागते. फिकट तबकडीवर तीन काळी छोटी वर्तुळे आहेत आणि त्यांतल्या खुणांच्या टोकांना इवलेसे चौकोन आहेत. ही तबकडी त्या काळी गिऱ्हाइकांना रुचली नव्हती आणि अशी घड्याळे दुकानांतून पडून राहत. अभिनेत्री जोआन वुडवर्ड यांनी त्यांतलेच एक आपले पती, अभिनेते पॉल न्यूमन यांच्यासाठी घेतले. न्यूमन मोटारींच्या शर्यतीत उतरू लागले होते, म्हणून पाठीमागच्या झाकणावर वुडवर्ड यांनी कोरून घेतले : ‘ड्राइव्ह केअरफुली, मी’. पुढे १९८४ मध्ये न्यूमन यांनी हे घड्याळ मुलीच्या मित्राला सहज देऊन टाकले, आणि त्याने ते वर्षानुवर्षे सांभाळले. लिलावाच्या दिवशी हेच घड्याळ न्यूमन यांचे, हे झाकणावरची ती अक्षरे सांगत होती.

अशा घड्याळाची पारख करणारे तज्ज्ञ भिंग लावून आधी तबकडी पाहतात. अक्षरांची छपाई मूळची आहे का, काट्यांवरचा आणि खुणांवरचा चमकणारा लेप एकाच वयाचा दिसतो का, पट्टा अडकवायच्या शिंगांच्या कडा अजून धारदार आहेत का, की पॉलिश करून करून त्या गोल झाल्या आहेत? तबकडी नव्याने रंगवलेली निघाली, तर घड्याळ कितीही छान चालत असले तरी संग्राहक हात आखडता घेतात. उन्हाने पिवळी पडलेली पण मूळची तबकडी त्यांना अधिक मोलाची वाटते.

बेळगाव, खानापूर, निपाणी या भागांतल्या घरांत हे जाणून घेण्याची फार गरज आहे, असे आम्हाला मनापासून वाटते. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र बेळगावात असल्याने इथे फौजेत नोकरी केलेल्यांची घरे पुष्कळ आहेत, आणि आजोबांचे बंद पडलेले घड्याळ बऱ्याच कपाटांत सापडते. बहुतेक वेळा ते एचएमटीचे असते. सिटिझन या जपानी कंपनीच्या सहकार्याने बेंगळुरूमध्ये १९६१ साली सुरू झालेला हा सरकारी घड्याळ उद्योग २०१६ मध्ये बंद करण्याचा निर्णय झाला. त्याच्या ‘जनता’सारख्या चावीच्या घड्याळांना लाखो डॉलर येणार नाहीत, हे उघड आहे. पण पारखीचा नियम तोच आहे, आणि आपल्याकडे नेमके उलटे घडते : घड्याळ ‘नव्यासारखे’ व्हावे म्हणून हौसेने तबकडी रंगवून घेतली जाते, केस बफिंगला, म्हणजे घासून चकचकीत करायला, दिली जाते.

म्हणून घड्याळ दुरुस्तीला देताना एवढे स्पष्ट सांगावे : मशीन साफ करा, तेल द्या, पण तबकडी आणि काट्यांना हात लावू नका, केसला पॉलिश नको, आणि बदललेला प्रत्येक सुटा भाग पुडीत बांधून परत द्या. जुने बिल किंवा डबी असेल तर ती घड्याळाबरोबरच ठेवावी. निवृत्तीच्या वेळी मिळालेल्या घड्याळाच्या झाकणावर नाव आणि तारीख कोरलेली असेल, तर दुकानात देण्याआधी तिचा फोटो काढून घ्यावा, कारण ती अक्षरे एकदा घासली गेली की कोणत्याही कारागिराला ती पूर्वीसारखी करून देता येत नाहीत.