हाताला न लागणारी नाडी

वाळवा तालुक्यातल्या एका ऊसकरी शेतकऱ्याच्या मनगटावर परिचारिकेने तीन बोटे ठेवली आहेत. अर्धा मिनिट उलटला तरी बोटांना काहीच लागत नाही. खाटेवर बसलेले काका मात्र चहाची बशी सावरत, यंदा उसाला तुरा लवकर आल्याचे सांगत आहेत. छातीला स्टेथोस्कोप लावला तर ओळखीच्या ठोक्यांऐवजी एकसुरी गुणगुण ऐकू येते.

काकांच्या हृदयाच्या डाव्या जवनिकेला, म्हणजे शरीराला रक्त पुरवणाऱ्या खालच्या कप्प्याला, एक यांत्रिक पंप जोडलेला आहे. डॉक्टर त्याला ‘एलव्हॅड’ म्हणतात. जवनिकेतले रक्त ओढून तो महाधमनीत सोडतो आणि पोटाच्या त्वचेतून बाहेर आलेली वायर त्याला बॅटरीची वीज पुरवते. कृष्णेवरून पाणी उचलणाऱ्या मोटरीचा पंखा मिनिटाला साधारण २९०० फेरे घेतो. ‘हार्टमेट ३’ पंपातला, चुंबकाच्या बळावर अधांतरी तोललेला पंखा तेवढ्याच वेळात पाच-सहा हजार फेरे घेतो. मोटरीचे पाणी जसे अखंड धारेने पडते, तसेच हे रक्तही वाहते. नाडी म्हणजे रक्तदाबाचा चढउतार, आणि तोच इथे जवळजवळ सपाट झालेला असतो. हा पंप दर दोन सेकंदांनी आपला वेग थोडा बदलतो खरा, पण त्याने मनगटावर नाडी लागेलच असे नाही. म्हणून परिचारिका दंडाला पट्टा बांधून फुगवते आणि हवा सोडताना डॉप्लरचा, म्हणजे रक्ताचा प्रवाह ऐकवणाऱ्या यंत्राचा, आवाज कोणत्या आकड्यावर परत येतो ते पाहते. सरासरी दाब ७० ते ९० च्या दरम्यान असला की ती निश्चिंत होते.

खरी धास्ती रक्तस्रावाची असते. रक्तवाहिनीला इजा झाली की बिंबिकांना (प्लेटलेट्सना) तिथे चिकटवून धरणारे ‘फॉन विलेब्रांड’ नावाचे प्रथिन रक्तात गुंडाळलेल्या लांब साखळीसारखे असते. १९२६ मध्ये फिनलंडच्या एरिक फॉन विलेब्रांड यांनी वर्णन केलेल्या आनुवंशिक रक्तस्रावी आजारावरून त्याला हे नाव पडले. पंपातल्या अरुंद फटींमधून रक्त वेगाने जाताना ही साखळी ताणली जाऊन उलगडते, आणि उलगडली की रक्तातलेच एक विकर (एन्झाइम) तिचे तुकडे करते. अखंड प्रवाहाचा पंप बसवलेल्या जवळपास प्रत्येक रुग्णात हे कमीअधिक प्रमाणात घडते. तरीही सगळ्यांना रक्तस्राव होत नाही, हे मुद्दाम सांगायला हवे.

ज्यांना होतो, त्यांच्यात तो बहुतेकदा पचनमार्गात होतो. नाडीचा चढउतार हरवला आणि हे प्रथिन तुटले की जठराच्या व आतड्यांच्या अस्तरात नाजूक, वेड्यावाकड्या वाहिन्या तयार होतात, असे मानले जाते. महाधमनीची झडप अरुंद झालेल्या रुग्णांच्या आतड्यांतून होणाऱ्या रक्तस्रावाकडे एडवर्ड हाइड यांनी १९५८ मध्येच लक्ष वेधले होते. तिथेही अरुंद वाटेतून जाताना हेच प्रथिन तुटते.

पंपात गुठळी होऊ नये म्हणून रुग्णाला वॉरफरिन हे रक्त गोठू न देणारे औषध घ्यावे लागते, आणि तेच रक्तस्रावाला हातभार लावते. ते बंद केले तर गुठळीची भीती, चालू ठेवले तर रक्तस्रावाची. या कात्रीतून सुटण्याची सोपी वाट अजून सापडलेली नाही. एक ओझे मात्र उतरले आहे. ‘हार्टमेट ३’ बसवलेल्या ६२८ रुग्णांवरील, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एरीज चाचणीत, वॉरफरिनच्या जोडीची ॲस्पिरिन वगळल्यावर रक्तस्रावाच्या घटना सुमारे एक तृतीयांशाने घटल्या आणि गुठळ्या वाढल्या नाहीत. आमच्या मते गावपातळीवर याहून मोठा धोका गुडघेदुखीवर दुकानातून परस्पर आणलेल्या वेदनाशामक गोळ्यांचा आहे. त्या जठराच्या अस्तराला इजा करतात, आणि वॉरफरिन चालू असताना ती इजा महागात पडते.

परिचारिका विचारते, “काका, शौचाला काळं होतंय का?”

“होतंय की. पण लोहाच्या गोळ्या चालू केल्यापासनं.”

लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळे होते; रक्तामुळे होणारे डांबरासारखे चिकट आणि उग्र वासाचे असते. ती दोन्ही खुणांविषयी पुन्हा खोदून विचारते, वहीत नोंद करते आणि तरीही हिमोग्लोबिनसाठी रक्ताची नळी भरून घेते. आजच संध्याकाळपर्यंत ती मिरजेच्या प्रयोगशाळेत पोहोचायची आहे.