येरवड्याची भिंत आणि काबूलची संसद

हा येरवडा जेलचा बाहेरचा रस्ता. आत कॅमेरा न्यायचा तर परवानगी लागते, आमच्याकडे ती नाहीये, त्यामुळे भिंतच बघा. १९३२ च्या सप्टेंबरात या भिंतीच्या आत आंब्याच्या झाडाखाली गांधीजी उपोषणाला बसले होते आणि बाबासाहेब, सप्रू, जयकर, राजाजी वगैरे मंडळी एकाच गोष्टीवर घासाघीस करत होती, ती म्हणजे सीट्स. लंडनहून पंतप्रधान रॅम्से मॅकडोनाल्डने ऑगस्टमध्ये जो निवाडा पाठवला त्यात प्रांतांच्या कायदेमंडळांत दलितांना ७१ जागा होत्या, त्याही स्वतंत्र मतदारसंघाच्या, म्हणजे आपला माणूस आपल्याच मतांवर. २४ सप्टेंबरला पुणे करारावर सह्या झाल्या तेव्हा जागा १४८ झालेल्या, पण मतदारसंघ सगळ्यांचा एकत्र. आकडा डबल झाला खरा, पण शेवटी निवडून देणाऱ्यांत बाकीचेच जास्त, मग तो आमदार ऐकणार कुणाचं? बाबासाहेबांनी ही तक्रार पुढे कितीतरी वेळा मांडली.

शाळेत आपण पुणे करार म्हणून एवढंच पाठ केलं, तारीख आणि एक मार्क. पण सीट मिळाली तरी ती बसवली कुणी आणि तिथे बसलेला जबाब कुणाला देणार, हा प्रश्न आज जगभर फिरतोय आणि त्याच्याभोवती पैसा पण भरपूर फिरतो.

कारण श्रीमंत देश गरीब किंवा नुकत्याच मोकळ्या झालेल्या देशांना फक्त रस्ते आणि लसी देत नाहीत, लोकशाही पण देतात. म्हणजे तसं म्हणतात तरी. अमेरिकेने १९८३ मध्ये नॅशनल एन्डाउमेंट फॉर डेमोक्रसी काढली, तिच्यासोबत दोन संस्था, एक डेमोक्रॅटिक पार्टीच्या बाजूची आणि एक रिपब्लिकन. ब्रिटनने १९९२ मध्ये वेस्टमिन्स्टर फाउंडेशन काढलं. काम काय करतात तर मतदार यादी घेऊन घरोघरी कसं जायचं, मेंबरशिपचं रेकॉर्ड कसं ठेवायचं, नवीन आमदाराने बजेटचं पुस्तक कसं वाचायचं, कमिटीत अधिकाऱ्याला प्रश्न कसा विचारायचा, बायकांना आणि अल्पसंख्याकांना उमेदवारीपर्यंत कसं आणायचं. ऐकायला एकदम सरळ. आपल्याकडे पेठेतला कुठलाही जुना कार्यकर्ता यातलं अर्धं फुकटात शिकवेल, आणि अधूनमधून शिव्या पण घालेल.

जर्मनांची पद्धत वेगळी. त्यांच्या प्रत्येक मोठ्या पार्टीजवळची एक फाउंडेशन असते, पैसा सरकारी तिजोरीतून, आणि ती बाहेरच्या देशात आपल्या विचाराची भावकी शोधते. पोर्तुगालची सोशालिस्ट पार्टी १९७३ च्या एप्रिलमध्ये स्थापन झाली ती पोर्तुगालमध्ये नाहीच, जर्मनीतल्या बाड म्युन्स्टरआयफेल नावाच्या छोट्या गावात, कारण घरी हुकूमशाही होती. फ्रीड्रिश एबर्ट फाउंडेशन पाठीशी होती. वर्षभरात, २५ एप्रिल १९७४ ला लिस्बनमध्ये सैन्यानेच राजवट उलथवली, लोकांनी बंदुकीच्या नळ्यांत फुलं खोचली, आणि १९७५ च्या निवडणुकीत हीच पार्टी पहिली आली, १९७६ मध्ये मारिओ सुआरेश पंतप्रधान. आता यात बाहेरचा पैसा होता का, तर होता, आणि पलीकडे कम्युनिस्टांना मॉस्कोचा होता. पण सुआरेशला तुरुंगवास, हद्दपारी सगळं आधीच झालेलं, त्याची माणसं आधीपासून होती. माझ्या मते गोम तिथेच आहे, जर्मनांनी पार्टी बनवली नाही, असलेल्या माणसांना बसायला जागा दिली.

आणि आपण? आपला कायदा म्हणतो की राजकीय पक्ष, उमेदवार, आमदार खासदार यांनी परदेशी देणगी घ्यायचीच नाही. हा एफसीआरए १९७६ चा, आणीबाणीतला, मग २०१० मध्ये नवीन आला. छान. २०१४ मध्ये दिल्ली हायकोर्टाने म्हटलं की काँग्रेस आणि भाजप दोघांनीही लंडनच्या वेदांताच्या इथल्या कंपन्यांकडून देणग्या घेऊन हा कायदा मोडल्याचं दिसतंय. मग काय झालं, तर २०१६ आणि २०१८ च्या फायनान्स बिलातून 'परदेशी' याची व्याख्याच बदलली, तीही मागच्या तारखेपासून, थेट १९७६ पर्यंत! संसदेत इतकं एकमत क्वचित दिसतं. आणि त्याच देशात २०२५ च्या फेब्रुवारीत अमेरिकेने भारतात मतदान वाढवायला २ कोटी १० लाख डॉलर ठेवले होते म्हणे, यावरून दोन्हीकडचे एकमेकांना एजंट म्हणत होते, नंतर इंडियन एक्सप्रेसने कागद काढून दाखवले की ती रक्कम बांगलादेशसाठीची होती.

घेताना सोवळं पाळतो, पण द्यायला आपण पण बसलोय. दुसऱ्या देशांच्या संसदेतले कर्मचारी दिल्लीत येऊन विधेयकाचा मसुदा लिहायला शिकतात. आणि काबूलला आपण अख्खी संसद बांधून दिली, सुमारे ९ कोटी डॉलर, २५ डिसेंबर २०१५ ला उद्घाटन, एका ब्लॉकला अटलजींचं नाव.

ती बिल्डिंग मला पहिल्यांदा कोंढव्यात दिसली, एका अफगाण पोराच्या मोबाईलमध्ये. पुण्यात शिकायला ही पोरं कितीतरी वर्षं येतायत, बरीच भारत सरकारच्याच स्कॉलरशिपवर. फोटो दाखवताना त्याला घुमटापेक्षा आतल्या खुर्च्यांचं कौतुक. खालच्या सभागृहात २४९ जागा, त्यात बायकांसाठी ६८, भटक्या कुची लोकांसाठी १०. इतक्या बायका आपल्या लोकसभेत आजवर फक्त दोन-तीन वेळाच बसल्यात, तेही ५४३ मध्ये.

नंतर त्यात हिंदू आणि शीख मिळून एक सीट वाढली. एकच. २०१८ च्या निवडणुकीत तिथे एकच उमेदवार उभे होते, अवतारसिंग खालसा, म्हणजे निवडून आल्यातच जमा. १ जुलैला जलालाबादमध्ये आत्मघाती स्फोटात ते गेले, बरोबरचे कितीतरी शीख आणि हिंदूही गेले. त्यांच्या जागी मुलगा उभा राहिला, नरेंद्रसिंग, आणि खासदार झाला.

१५ ऑगस्ट २०२१ ला तालिबान काबूलमध्ये शिरले. संसद तिथेच संपली. आठवड्याभरात आपल्या हवाई दलाचं विमान दिल्लीजवळ हिंडनला उतरलं, त्यातून नरेंद्रसिंग बाहेर आले आणि कॅमेऱ्यासमोर बोलता बोलता रडायला लागले. ज्यांच्यासाठी ती एक सीट होती, त्यांच्यातले काहीजण त्याच विमानात त्यांच्या मागे बसून आले होते.