निकेलचं पाणी वेगळं ठेवा

मंडळी, प्लेटिंगच्या, म्हणजे वस्तूंवर धातूचा मुलामा देण्याच्या कामातल्या, धुण्याच्या पाण्यातून निकेल परत कसं मिळवायचं, हा आजचा विषय. पण आधी माती. बेळगावजवळच्या खानापूरकडच्या लाल मातीत अमोनियम सल्फेट हे खत टाकलं की चार पावसांत धुऊन जातं. बैलहोंगलच्या काळ्या रानात मात्र बरंच टिकतं. काळ्या मातीच्या कणांवर ऋणभार जास्त, म्हणून धनभारित अमोनियम तिथं धरून राहतं. यॉर्कशायरच्या थॉम्पसननं अमोनियम सल्फेटचं पाणी मातीतून गाळलं, तर खालून कॅल्शियम सल्फेट आलं! 1850 मध्ये हे प्रसिद्ध झालं. बोहारणीचाच व्यवहार हा: लुगडं घेतलं, पातेलं दिलं. किती लुगड्यांना किती पातेली, हे पुढं बसलेल्या वहिनींना जास्त ठाऊक. रेझिनमध्ये, म्हणजे अशीच अदलाबदल करणाऱ्या कृत्रिम दाण्यांमध्ये, एका निकेलला दोन सोडियम द्यावे लागतात. 1935 मध्ये अ‍ॅडम्स आणि होम्स यांनी मातीचा हा गुण कृत्रिम रेझिनमध्ये आणला.

आता उद्यमबागेतल्या कारखान्यांच्या मंडळींसाठी. निकेलच्या टाकीत लिटरला साधारण 70 ग्रॅम निकेल असतं. जॉबला, म्हणजे मुलामा द्यायच्या वस्तूला, चिकटून रोज दहा लिटर द्रावण बाहेर गेलं, तर 700 ग्रॅम धातू गेला. आणि जातो कुठं? निकेल, क्रोम, सायनाइड, सगळ्यांचं पाणी एकाच खड्ड्यात! मग चुना, मग गाळ, आणि तो घातक कचरा म्हणून पैसे देऊन पाठवायचा. याचा मला फार त्रास होतो. सायनाइडमध्ये निकेल ऋणभारित होतं, मग धनभारित तेवढंच धरणारं आपलं रेझिन त्याला धरतच नाही. क्रोमेट रेझिनलाच खातं. आणि सायनाइडमध्ये आम्लाचं पाणी मिसळलं तर विषारी वायू सुटून जीवावर बेततं. म्हणून पाइप वेगळे, खड्डे वेगळे. एवढं केलं की निम्मं काम झालं.

पाचच मिनिटं उरलीत, म्हणून पुढचं भराभर.

धुवायला बोअरचं पाणी नको, मृदू केलेलं घ्या. कॅल्शियमची पकड निकेलपेक्षा घट्ट असते, जागा तोच अडवतो. शिवाय निकेल सोडवून घ्यायला सल्फ्युरिक आम्ल सोडलं की रेझिनमध्येच जिप्सम धरतं आणि कॉलम, म्हणजे रेझिन भरलेली उभी नळी, तुंबतो. आधी सक्रिय कोळसा लावा, नाहीतर टाकीतला ब्राइटनर, म्हणजे चकाकी आणणारं रसायन, रेझिनवर बसतो. शंभर लिटर रेझिनमध्ये लिटरला 30 ग्रॅम धरलं, तर चारेक दिवसांचं निकेल मावतं.

रेझिन निकेलनं भरलं, की खालून उलटं पाणी सोडून रेझिन मोकळं करायचं आणि 10 टक्के सल्फ्युरिक आम्ल हळू सोडायचं, रेझिनच्या दुप्पट-तिप्पट. सुरुवातीला नुसतं पाणी येतं, मग हिरवंगार. तेवढंच वेगळं धरा. शेवटचं फिकट आम्ल पुढच्या वेळी पहिल्यांदा वापरा. स्वच्छ धुऊन झाल्यावरच 4 टक्के कॉस्टिक (सोडियम हायड्रॉक्साइड), रेझिनवर पुन्हा सोडियम बसवायला. घाई केली तर निकेल हायड्रॉक्साइड दाण्यातच बसतं. हिरवं पाणी आम्लधर्मी असतं. त्यात निकेल कार्बोनेट घालून पीएच 4 च्या आसपास आणा, गाळा आणि टाकीत घाला. टाकी 55 अंशांवर असते, पाणी उडून तेवढी जागा झालेलीच असते.